सगळ्या बायांचा एकच स्वभाव

मंगळवारी देवळाली प्रवरात कल्याणबाबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. बाबा कोऱ्या कागदावर हळदीचं पाणी शिंपडतो आणि समोरच्या बाईचा स्वभाव लाल अक्षरांत उमटतो. बाई वाचते, रडते, कागद कमरेला खोचते. तो कुणाला दाखवायचा नाही. आपला दोष बघणाऱ्याला लागतो म्हणे.

त्या मंगळवारी माझी भावजय सुरेखा तिच्या लेकीला, सृष्टीला घेऊन बसली होती. सृष्टी एकोणीस वर्षांची. आज जिच्यावर जीव टाकेल, उद्या तिचं तोंड बघणार नाही. कुणी सोडून जाईल या नुसत्या धास्तीने स्वतःला इजा करून घेते. माझी आई मनकर्णा, म्हणजे सृष्टीची आजी, तिचंही असंच होतं. आई दोन वर्षं याच शेडमध्ये येत राहिली, डॉक्टर राहून गेला आणि पौषात ती गेली.

बाबाने सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवला. "मनकर्णा हाय ही. आजी नातीत शिरलीय. एकवीस दिस पोरगी हितंच ठिवा."

सुरेखाने मान डोलावली.

मी पर्समधून आईचा कागद काढला. तो तिच्या लुगड्याच्या घडीत सापडला होता. जिवंतपणी तिने मला दाखवला नाही. दोष मला लागू नये म्हणून. मी तो मोठ्याने वाचू लागले. वरून कडक, आतून मऊ. सगळ्यांसाठी झिजलीस, कदर कुणी केली नाही.

"घरातलंच मानूस तुझ्यावर जळतं," पुढची ओळ शेजारच्या कडूबाईने म्हटली. तिने आपला कागद उघडला होता.

मग कमरेचे कागद भराभर बाहेर आले. कडूबाईने आपल्या जावेचा कागद ओढून घेतला. "म्हंजी माझ्यावर तू जळती, अन् तुझ्यावर मी?"

समद्यांचे ग्रह सारखेच हाईत, असं बाबा म्हणाला. बाया हसल्या.

करामत एवढीच: खायच्या सोड्याच्या पाण्याने आधीच लिहून वाळवलेले कागद. हळद लागली की अक्षर लाल होतं. मजकूर असा, की तो कुठल्याही बाईला स्वतःचाच वाटावा. आईचं नाव सांगायला तर सिद्धी कशाला हवी? दोन वर्षं तीच त्याच्यापुढे सगळं बोलत होती.

मी सुरेखाला सांगितलं, संगमनेरला मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ते एका बैठकीत निकाल देत नाहीत. लहानपणापासूनचं विचारतात, घरच्यांशी बोलतात, मग सांगतात. आजीकडून नातीत काही आलंच असेल, तर तो रक्तातून आलेला मनाचा हळवेपणा. त्यावर लहानपणी सोसलेल्याची भर पडते. त्यातून जडणाऱ्या अशा आजाराला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. वेळ लागतो, पण माणसं सावरतात.

सृष्टी पहिल्यांदाच बोलली. "आत्या, म्हंजी मी आजी न्हाई ना?"

"नाही. तू सृष्टी आहेस."

सुरेखाने तिचा हात धरला आणि चपला शोधू लागली.

घरात असं कुणी असेल, तर त्याला बाबापुढे बसवू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि कुणी तुमचा स्वभाव अचूक ओळखला, तर पाया पडण्याआधी शेजारणीला विचारा, तिला काय सांगितलं.