जैतूनबीचा टांगा

मित्रांनो, मी मिरजेचा एक जुना टांगा आहे. आता मला घोडा नाही, टप फाटला आहे, एका चाकाची लोखंडी धाव निखळली आहे. तरीही मला टांगाच म्हणा, खटारा म्हणू नका. परवा गल्लीतल्या एका पोरानं मला खटारा म्हटलं आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे लेका, तुझा बाप नवरदेव होऊन माझ्यातनंच मिरवला होता! जाऊ द्या. म्हातारपणी राग नाकावरच बसलेला असतो.

माझा मालक इलियास, त्याच्या बापानं मला मोठ्या हौसेनं बांधून घेतलं. बाभळीचे आरे, सागवानी बैठक, दोन्ही अंगांना पितळी कंदील. लोहारानं लालभडक धाव चाकावर चढवली तेव्हाचा चटका मला अजून आठवतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कानडी मुलखातून आजारी माणसं रेल्वेनं यायची, त्यांना मी दवाखान्यात पोचवायचो, आणि बरी होऊन परत निघाली की स्टेशनावर सोडायचो. आमची घोडी सुंद्री अशा वेळी न सांगता चाल हळू करायची. लोक म्हणायचे, "इलियासच्या टांग्यात पोटातलं पाणी हलत न्हाई बघा." हे ऐकून मी फुलून जायचो.

टांग्यात बसलं की माणसं मनातलं सगळं बोलतात. टांग्यालाही कान असतात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून तर इलियासची बायको दिलशाद हिची सगळी कहाणी मला ठाऊक आहे.

दिलशाद चार वर्षांची असताना तिचा बाप वारला. तिची आई जैतूनबी तरणीताठी विधवा झाली. कराचीला गेलेल्या भावानं बहिणीला तिकडं बोलावून घेतलं आणि दुसरा निकाह लावून दिला. दिलशादच्या आजोबांनी मात्र नात सोडली नाही. "पोरगी आमच्या घरची हाय," असं ते म्हणाले आणि तिथंच सगळं संपलं. जैतूनबी रडत गेली. पुढं येणं-जाणं अवघड झालं, मग लढाया झाल्या, मग तर पत्रंही येईनाशी झाली. तिकडं जैतूनबीला एक मुलगा झाला, बादशहा. इकडं दिलशाद आईविना वाढली. लग्नानंतर सासुरवाशिणी माहेरी निघाल्या की ती दारात उभी राहून त्यांचे टांगे मोजायची. मला फार वाईट वाटायचं. साऱ्या गावाच्या लेकी मी माहेरी पोचवल्या, आणि आमच्याच घरच्या सुनेला न्यायला मला गावच नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली दिलशादला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. त्याच सुमारास दोन्ही देशांमधला रस्ता थोडा उघडला होता. लेकीच्या बाळंतपणाचं कारण सांगून जैतूनबीनं व्हिसा काढला. ती मिरज स्टेशनात उतरली तेव्हा मायलेकींनी एकमेकींना ओळखलंच नाही. दोघी एकमेकींच्या शेजारून दोनदा गेल्या. शेवटी इलियासनंच जैतूनबीचं नाव घेऊन हाक मारली, आणि मग त्या ज्या गळ्यात पडल्या, त्या टांग्यात चढेनातच. सुंद्रीसुद्धा मान वळवून बघत राहिली.

बाळ उशिरा झालं. व्हिसाची मुदत अगदी तोंडावर आली होती. पण आमच्याकडची रीत तुम्हाला सांगतो. बाळंतिणीचं चाळिसाव्या दिवसाचं न्हाण झाल्याशिवाय तिची आई घर सोडत नाही. जैतूनबी म्हणाली, "चाळिसावं झाल्याबिगर मी उठायची न्हाई." इलियासही म्हणाला, "सरकारातल्या लोकास्नी आया हायतच की. समजून घेत्याल." कचेरीत जाऊन विचारावं, मुदत वाढवून मागावी, हे ह्या भोळ्या माणसांच्या डोक्यातच आलं नाही.

चाळिसावं थाटात झालं. दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून सगळे सांगलीच्या पोलीस कचेरीत निघाले. कशाला? तर आता पाहुणी जाणार हे कळवायला, आणि बाळाचे पेढे द्यायला! तिथले ओळखीचे जमादार नानासो माझ्यापाशीच येऊन उभे राहिले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, पासपोर्ट उघडला आणि त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

"आरं गड्या इलियास, तारीख कवाच उलटली की रं! ह्यो गुन्हा हाय."

"आवं जमादार, चाळिसावं कालच झालं. त्याच्याआधी आई कशी जाईल?"

नानासोंनी कपाळाला हात लावला. "लेका, दिल्लीत चाळिसावं मोजत न्हाईत."

ते भले गृहस्थ होते. त्यांनी साहेबांपुढं रदबदली केली. चौकशी पुरी होईतो थांबायची मुभा मिळाली, दर आठवड्याला हजेरी द्यायची आणि मिरज-सांगलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ह्या अटीवर.  परतताना माझ्यात बसल्यावर दिलशाद एकदम म्हणाली, "अम्मा, तू जाऊच नगंस. कायमची ऱ्हा."

"आणि बादशहा?"

"त्याला बावीस वर्सं आई मिळाली. आता माझी पाळी हाय."

 लेक चुकीचं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. कराचीला बादशहाला कळवलं. त्यानं उलट लिहिलं, की अम्मी, दिलशाद आपानं लय सोसलंय, तू राहा, मी भेटायला येत जाईन. येत जाईन म्हणणं सोपं होतं. मधली वाट उघडणं त्याच्या हातात थोडंच होतं!

कायम राहण्याचा अर्ज दिलशादनं केला आणि इलियास जामीन राहिला. जैतूनबी मूळची इथलीच, हे सांगणारं कुणी भारदस्त माणूस हवं होतं. इलियास एस्टीनं तिच्या माहेरगावी, कुंडलला गेला आणि लालासाहेबांना घेऊन आला. हे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले गृहस्थ, मिशा अशा की लिंबू ठेवावं. कचेरीच्या खिडकीखाली मी उभा होतो. आतून साहेबांचा आवाज आला, "तुम्ही पाकिस्तानशी लढलेले. पाकिस्तानी बाईसाठी सही देता?"

"लढलो की. पासष्टला लढलो, एकाहत्तरला लढलो. पर ही काय फौज हाय व्हय साहेब? ही आमच्या मुलाण्याची जैतून! ल्हानपणी माझ्या खरजेला हिनं कडुनिंबाचा पाला चोळलाय. मी बोंबलत पळायचो आन् ही धरून आणायची. कुठं करू सही, सांगा."

सही झाली. आता सगळं सुरळीत होणार असं मला वाटलं. पण साहेब बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि इलियासला म्हणाले, "जामीनदाराचं उत्पन्न पक्कं लागतं. टांग्याचं काय, घोडा आजारी पडला की घरात उपास. शिवाय आता रिक्षा आल्यात."

त्यांचं काही चुकलं नाही. पण मित्रांनो, मला ते बोलणं फार लागलं. इतकी वर्षं ज्या घराला मी खाऊ घातलं, त्याच घराच्या आड मी आलो होतो.

इलियासनं चार दिवस तोंडात घास घेतला नाही. मग तो कुपवाडला गेला आणि एका कारखान्यात लेथवर लागला. सुंद्रीला उंब्रजच्या एका व्यापाऱ्यानं नेलं. जाताना ती माझ्या दांड्यांना नाक घासून गेली. मला अंगणात एका कडेला ढकलून ठेवलं. आधी मी खूप चिडलो. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या, कुणी वाळवण घालू लागलं. मनात म्हणायचो, गरज सरो वैद्य मरो, माणसाची जातच अशी. पण संध्याकाळी इलियास तेलानं माखलेले हात घेऊन यायचा आणि आत जाण्याआधी एकदा माझ्या पायरीवर बसायचा. मग मला त्याच्यावर रागावता यायचं नाही. तो बिचाराही माझ्यासारखाच जुंपणीतून सुटलेला होता.

शेवटी परवानगी आली. कचेरीनं जैतूनबीचा तिकडचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि तिला इथं कायम राहण्याचा कागद दिला. कराचीला परतायची वाट मात्र त्याबरोबर बंद झाली. घरी येताच दिलशादनं गल्लीभर साखर वाटली. हसता हसता रडत होती पोर. इतक्या वर्षांनी तिला आई मिळाली होती आणि आता त्या आईला कुणी नेणार नव्हतं.

जैतूनबी मात्र घरात गेलीच नाही. ती सरळ माझ्याकडं आली आणि मागच्या फळीवर चढून बसली. तुम्ही टांग्यात बसला असाल तर ठाऊक असेल, मागं बसणाऱ्याचं तोंड मागंच असतं. पुढं कुठं चाललो ते त्याला दिसत नाही, सुटत चाललेला रस्ता तेवढा दिसतो. ती तशी बसली आणि हळूच म्हणाली, "बादशहा, बाळा." तिथं ऐकायला कुणीच नाही, असं तिला वाटलं असेल.

पण मागोमाग दिलशाद बाळाला घेऊन आली होती. तिनं ऐकलं आणि ती जागच्या जागी थांबली. 'आता माझी पाळी' म्हणणारी ती पोर, मला वाटलं आता रुसून आत जाईल. ती आत गेली नाही. चढून आईला टेकून बसली. मग तिनं विचारलं, "अम्मा, त्यो दिसतो कसा गं? माझ्यावानी?"

"हनुवटी तुझीच हाय," जैतूनबी म्हणाली, आणि मग तिला बोलणं आवरेना.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघी माझ्यात येऊन बसतात. एक सांगते, दुसरी विचारते. न पाहिलेल्या भावाला कोणती भाजी आवडत नाही हेसुद्धा आता दिलशादला ठाऊक झालं आहे.

मित्रांनो, मला मोडून सरपण करायचं शेजारी बोलत असतात. बोलू देत. माझे कंदील न्या, चाकं विका, टप काढून टाका, माझी तक्रार नाही. पण तुमच्यात कुणी सुताराचं पोर असेल तर घरी जाऊन बापाला एवढं सांगा. माझी मागची फळी एका कडेनं कुजत चालली आहे, तेवढी बदलून द्या. तिथं दोघी बसतात.