गाळलेला ढावलो

रंजिताच्या पुस्तकातून एक गाणं काढलं नाही, तर तिच्या धाकट्या बहिणीच्या, बबिताच्या लग्नाला तांड्यातलं काळं कुत्रंही फिरकणार नाही. तांड्याच्या प्रमुखाने, हरिसिंग नायकाने, हे मोठ्या मायेनं सांगितलं, चहा संपवून.

"पोरी, तू शिकली याचा मले अभिमान हाय. पन घरचं चव्हाट्यावर कायले?"

पुस्तक होतं ढावलोचं. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडत गाते, तो ढावलो. तिचं गाऊन होईपर्यंत तिला कुणी थांबवत नाही, मिठी सोडवत नाही. फुलसावंगीच्या आसपासचे तांडे पालथे घालून रंजिताने ही गाणी जमवली होती. त्यातलं एक रुपीबाईचं, म्हणजे नायकाच्या सख्ख्या बहिणीचं. तरुणपणी हरिसिंगाने कुणाचं तरी डोकं फोडलं होतं. पंचांनी भांडण मिटवलं ते कोवळ्या रुपीला त्या घरातल्या बिजवराला देऊन. निघताना ती भावाच्याच गळ्यात पडून गायली होती: ‘भावा, काठी उचललीस तू, आणि हात दिला माझा.’

इतकी वर्षं ते कुणाला टोचलं नव्हतं. आता नायकाचा मुलगा राजकुमार जिल्हा परिषदेला उभा होता. निवडणूक आली की माणसाची कातडी भलती नाजूक होते, स्वतःची तेवढी.

"काका, तिनं खुशीनं सांगितलं हाय," रंजिता म्हणाली.

"मंग तिलेच जेवू घाल लग्नात. आमी येत नाही."

नायक गेला आणि धनसिंगाची, रंजिताच्या बापाची, पाचावर धारण बसली. मांडवात नायक नसला तर पाहुणे वरात माघारी नेतील, हे त्याला ठाऊक होतं. त्याने लेकीपुढे हात जोडले. बापाने हात जोडल्यावर कसलं संशोधन आणि कसलं काय! रंजिताने यवतमाळच्या प्रेसला फोन लावला.

"मॅडम, जागा कोरी ठेवू का?"

"नको. पुढचं वर सरकवा."

रुपीबाईला सांगायला मात्र तिला स्वतःच जावं लागलं. म्हातारी बबिताच्या ओढणीला आरसे टाचत बसली होती.

"तुह्याच तोंडानं सांगितलं, काढा म्हनून?"

"हो, याडी." रंजिता तिला आईच म्हणायची.

म्हातारीने दातांनी दोरा तोडला. "बबिताले सांजेले धाडत जा माह्याकडं. तिले अजून ढावलो येत नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रंजिता घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. लाज वाटत होती, आणि ती धुऊन निघणारी नव्हती.

लग्नाला नायक आला, कडक इस्त्रीत. राजकुमारने सोबत फोटोवाला आणला होता. निघायची वेळ झाली. बबिता आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली, मग मानाप्रमाणे नायकाच्या. त्यानेच हात पसरले, फोटोवाल्याकडे तोंड करून.

"भावा," बबिताने सूर लावला, "काठी उचललीस तू..."

रंजिताने ओळ ओळखली. ही पोरगी आता स्वतःचं लग्न मोडून घेणार!

"बंद करा हे!" राजकुमार पुढे धावला.

"नवरीले थांबवत नाही, बापू," बायांमधून कुणीतरी म्हणालं. वराकडची म्हातारी उठून त्याच्या आडवी उभी राहिली. "आमच्या सुनेले गाऊ दे."

मग एकेक बाई सूर धरू लागली. नायकाचे हात आधी हवेतच राहिले, मग रीतीप्रमाणे नवरीच्या डोक्यावर आले. समोर रुपीबाई उभी होती. तिने भावावरची नजर हलवली नाही. गाणं लांब होतं आणि बबिताने त्यातला एक शब्द गाळला नाही.

गाडी धुरळा उडवत गेली तेव्हा नायक धनसिंगाजवळ आला. "उद्या पंचाईत बसंल. तुह्या घरावर."

"बसू द्या, नायक," धनसिंग म्हणाला. तो रंजिताकडे वळला. "प्रेसवाल्याले फोन लाव. जागा कर म्हनावं."

तिने फोन काढला, पण नंबर बापानेच लावून दिला.