माहेराचा गारवा

माझ्या पुस्तकाचं नाव 'हक्कसोड'. वडिलांच्या जमिनीत माझा काही वाटा नाही, असं बहिणीकडून ज्या कागदावर लिहून घेतात त्या कागदाचं हे नाव. पनवेल-उरणच्या आमच्या गावांत जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सासरी नांदणाऱ्या बहिणींना न्यायला भावांच्या गाड्या येऊ लागल्या. मलाही आली होती. पुस्तकात तेच लिहिलंय.

निकेश माझा प्रकाशक. मजकूर त्याला आवडला, नावाला मात्र त्याने नाक मुरडलं. म्हणे, लोकांना वाटेल वकिलाचं पुस्तक आहे. त्याने चार-पाच नावं पुस्तकविक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि कौल लागला 'माहेराचा गारवा'ला. त्यांच्यातल्या एकानेही पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं. मुखपृष्ठही लगेच तयार: तुळशीवृंदावन आणि पाठमोरी बाई. आमच्या दारातली तुळस कधीच गेली, तिथे आता माझ्या भावाची फॉर्च्युनर उभी असते.

मी नाव बदलायला साफ नकार दिला, तेव्हा निकेशने मला ऑफिसात बोलावलं. एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर. गेले तर त्याच्या खुर्चीत हरेश, माझा धाकटा भाऊ. इमारत हरेशची, निकेश त्याचा भाडेकरू. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. विक्रेत्यांचा कौल खरा असेलही, पण निकाल इथे लागायचा होता.

हरेश आधी गोडच बोलला. त्याला पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचंय. आत काय हवं ते असू दे, म्हणाला, आत कोण वाचतो? लोक नाव बघतात. हे तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच संताप आला. मग त्याने नावबदलाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि खिशातलं पेन टोपण काढून हातात दिलं.

"ताय, इथं सही कर."

हक्कसोडीच्या कागदावर सही घेतानाही हाच आवाज, हेच शब्द. वडिलांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं तेव्हा. कागदात काय आहे विचारलं, तर भावावर भरवसा नाय का, म्हणाला होता. परतताना साडी घेऊन दिली होती त्याने मला.

मी पेन घेतलं. टेबलावर हस्तलिखिताशेजारी मुखपृष्ठ होतं, त्यावरच्या 'माहेराचा गारवा'वर काट मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ताय, इथं सही कर'.

निकेशने वाकून वाचलं. पक्का धंदेवाला, त्याला राहवलं नाही. हे मात्र विकलं जाईल मॅडम, असं बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. हरेशने त्याला शांतपणे विचारलं, ऑफिस कधी खाली करतोस? त्यानंतर निकेशने मान वर केली नाही. असल्या माणसाच्या हातात मी माझं पुस्तक दिलं होतं.

मी मुखपृष्ठ आणि हस्तलिखित पिशवीत टाकलं. छापणारा दुसरा कुणी मिळेल, नाहीतर झेरॉक्स काढून वाटीन. दाराशी पोचले तेव्हा हरेशचा गोडवा संपला.

"तुजा मायेर तुटला, समज."

"तो तर तू तवाच लिवून घेतलास माज्याकडून."