आत्याबाईंचे दात

आमच्या मांजरीला आम्ही आत्याबाई म्हणतो, कारण बाहेरून आली की आधी सगळ्या खोल्या तपासते आणि मग नाक मुरडून बसते. वय तेरा. मालकी सासऱ्यांची, निदान त्यांचा तसा समज आहे. अलीकडे तिच्या तोंडाला वास यायला लागला, म्हणून माझ्या नवऱ्याने फोनवर प्राण्यांचा विमा शोधून काढला, दातांच्या खर्चासकट.

"घेऊन टाकू," तो म्हणाला. "म्हणजे निर्धास्त."

निर्धास्त हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. औषधांच्या कारखान्यात मी खोक्यांवरची लेबलं तपासते. बारीक अक्षरांत काय काय दडवतात ते मला विचारा. जेवणं झाल्यावर मी विम्याच्या अटी मोठ्याने वाचल्या. अपघातात दात मोडला तर खर्च मिळणार. हिरड्यांच्या आजारासाठी दरवर्षी तोंड तपासून घेतलेलं हवं. आधीपासूनचं दुखणं असेल तर काहीच नाही. शिवाय मांजर म्हातारी, म्हणून प्रत्येक बिलातला काही वाटा आपणच उचलायचा.

"तिला कुठाय आधीचं दुखणं?" सासरे म्हणाले. "व्यवस्थित खाते की."

यावर आम्हा तिघांचं एकमत झालं. आमच्या घरात असं कधी होत नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तपासणीशिवाय विमा नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी आत्याबाईला टोपलीत कोंबून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टोपली टेबलावर ठेवता ठेवताच त्यांनी विचारलं, "सुकं खाणं चावून खाते का?"

"हो," आम्ही तिघं एका सुरात.

बाईंनी दोन दाणे तिच्यापुढे ठेवले. आत्याबाईने ते हुंगले आणि आमच्याकडे बघत बसली.

"मी कोमट पाण्यात भिजवून देते," मी कबूल केलं. "तसं दिलं की पटकन संपवते."

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी लाटण्याने भुगा करतो."

शेवटी सासरे म्हणाले, "चिकनचा तुकडा असला की मी आधी चावून देतो."

"कवळीने?" नवरा ओरडलाच.

"मग कशाने? तेवढेच दात आहेत मला."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. हे लाड आपण एकटेच करतो असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि तिघांच्या लाडाखाली तिचं दुखणं झाकून गेलं होतं.

दोन दाढा मुळापासून किडल्या होत्या. "हे आता नोंदीत जाणार, त्यामुळे या दाढांचे पैसे विम्यातून मिळायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "तोंड स्वच्छ असताना, लहान वयात घेतला असता तर उपयोग होता. आता दातांचा भाग सोडून द्या, साध्या आजारपणाचा हवा तर बघा. पण दाढा काढाव्याच लागतील. आधी रक्त तपासू, मग भूल देऊ."

"विमा मिळत नाही ना? मग राहू दे," सासरे म्हणाले. "वय झालं की असं व्हायचंच."

माझा पारा चढला. "बाबा, पैसे आम्ही भरू. तिला दुखतंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"आणि उठलीच नाही तर, सूनबाई?"

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. विम्याचं गुऱ्हाळ आम्ही इतके दिवस का चालवलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा एक प्रश्न कुणालाच ओठांवर आणायचा नव्हता.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "धोका आहे. पण ती रोज सोसतेय. मांजरं सांगत नाहीत हो."

सासऱ्यांनी आत्याबाईचा कान दोन बोटांत धरून हळूच चोळला. "काढा," ते म्हणाले.

आत्याबाई उठली. भुलीतून उठल्यावर पहिलं काम केलं ते नवऱ्यावर फिस्कारण्याचं. आठवड्याभरात तर ती कपाटावर चढली, वरची फुलदाणी खाली लोटली आणि पडद्यामागे दबा धरून नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला चावली. दोन वर्षांत तिने असले उद्योग केले नव्हते. ती शांत झाली, पोक्त झाली, असं आम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. नवरा एका पायावर नाचत तिला शिव्या देत होता आणि खुशीत हसत होता.

सासरे मात्र हसले नाहीत. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले.

संध्याकाळी मी भांडी घासत होते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, माझा गुडघा रात्रभर ठणकतो गं. झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले." त्यांनी चौकटीला धरलं. "मला वाटलं, वयच आहे."

मला राग आला आणि रडूही आलं. "आणि हे आत्ता सांगताय, बाबा?" मी म्हटलं. मग हात पुसले, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.