मासे दाखवायची युक्ती

पाळणाघरातल्या मावशींचं एक ठरलेलं होतं. नवीन पोर आलं की त्याला कडेवर घ्यायचं, कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतले मासे दाखवायचे आणि आईबापाला मानेनं खुणावायचं, सटका आता. पोर वळून बघतं तर दार बंद. मग घटकाभर भोकाड, की झालं. या युक्तीवर मावशींनी कितीतरी पोरं रुळवली होती आणि त्याचा त्यांना तोराही होता. का नसावा?

एका सकाळी एक वायरमन आपल्या तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आला. पोरगी इतकी अबोल, की बापानेच लाडाने तिचं नाव घुमी ठेवलेलं.

"मावशी, मी तिला सांगून जातो," तो म्हणाला. "म्हणजे काय आहे, तिची आई..."

"कळलंय हो मला." घुमीची आई नुकतीच गेली, हे मावशींच्या कानावर आलं होतं. "म्हणून तर म्हणते, निरोपाचा घोळ घालू नका. तुमचा गळा दाटला की ती रडणार, तिचं बघून बाकीची बिथरणार. निघा गुपचूप."

बाप पडला भिडस्त. तो निघाला.

घुमी माशांवरून वळली, तिने दार पाहिलं, आणि ती रडली नाही. "बघा, हूं नाही की चूं नाही," मावशी स्वयंपाकीणबाईंना सांगत सुटल्या.

पण त्या दिवसापासून घुमीने दारावरची नजर काढली नाही. चपलांच्या मांडणीशी बसून राहायची. जेवायला बसवलं तर घास हातात आणि डोळे दाराकडे. दुपारी सगळी पोरं पालथी पडून झोपायची, ही टक्क जागी. डोळा लागतोय न लागतोय तोच दचकून उठायची. खेळणं पुढे केलं की उलट मान फिरवायची.

"भारी हट्टी आहे हो तुमची लेक," मावशींनी एका संध्याकाळी बापाला सुनावलं. "काही दाखवावं तर बघतच नाही."

तो लेकीच्या चपलेचा पट्टा लावत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्या बहिणीने तिला गच्चीवर नेलं होतं, पाखरं दाखवायला. तेवढ्यात आम्ही हिच्या आईला दवाखान्यात हलवलं. पोर घाबरायला नको म्हणून. ही खाली आली तर खाट रिकामी. पुन्हा आई दिसलीच नाही तिला. तेच सांगत होतो त्या दिवशी."

त्या दिवशी आपण त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही, या विचाराने मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बाप सांगून गेला. घुमीने टाहो फोडला, आणि मावशींनी तो फोडू दिला. पाणी आणायला उठल्या तरी त्या "जाऊन येते हं" म्हणायच्या आणि खरंच यायच्या. हळूहळू पोरगी दोन घास खाऊ लागली, त्यांचा पदर मुठीत धरून झोपू लागली. बोलली मात्र नाही.

मग एक नवा मुलगा आला, रडून रडून लालबुंद. इतक्या वर्षांची सवय, त्याला कडेवर घेताच मावशींचे पाय आपसूक पेटीकडे वळले. "ते बघ, मासा कसा पळतोय," त्या म्हणाल्या. त्याची आई एक चप्पल पायात, एक हातात, अशी दाराशी पोचलीसुद्धा होती.

पदराला ओढ बसली. घुमी त्या मुलाचा पाय धरून त्याला सांगत होती, "मासे नंतर बघ. तुझी आई चाललीये."

मावशींनी त्या बाईला हाक मारून परत बोलावलं. तिने लेकाला पोटाशी धरलं, संध्याकाळी येते म्हणून सांगितलं, आणि तो रडत असतानाच ती निघाली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत घुमी खिडकीतून बघत होती.

"माझी आई सांगायला विसरली," ती म्हणाली.

एरवी मावशींच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. आज त्या आधी तिच्याशेजारी खाली बसल्या.

"नाही गं राणी, ती विसरली नाही. आम्ही मोठ्यांनीच तिला सांगू दिलं नाही."

घुमीने मान डोलावली, आणि ती पुन्हा दाराकडे तोंड करून बसली.