हिरवं सील आणि माझा दिवा

मी लॅरिंगोस्कोप बोलतोय. नाव घेताना जीभ अडखळली तरी चालेल. लोकांच्या जिभा बाजूला सारणं हेच माझं काम. स्टीलची मूठ, तिच्यात दोन बॅटऱ्या, वर वाकडं पातं. पातं उघडलं की दिवा लागतो. भूल दिलेल्याचा श्वास थांबतो, तेव्हा माझ्या उजेडात घशातली वाट बघून नळी आत सरकवतात.

माझा मुक्काम अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका छोट्या इस्पितळात, तातडीच्या सामानाच्या ढकलगाडीच्या वरच्या खणात. खणाला प्लास्टिकचं हिरवं सील. सील शाबूत म्हणजे आत सगळं जागेवर, असं इथे सगळे धरून चालतात. मी मात्र कुणावर विश्वास ठेवत नाही. खणाच्या अंधारात दुसरं करायचं तरी काय?

माझ्याहून संशयी होती लोर्ना व्हर्बका. भूल देणारी नर्स आणि त्या विभागाची प्रमुख. गावात भूल देणारं दुसरं कुणीच नव्हतं. ती रोज सकाळी धडधाकट सील कापायची, मला उघडायची, दिवा बघायची, मग नवं सील लावायची.

"तू बायकोसारखी खिसे तपासतेस," सर्जन प्रूइट म्हणायचे.

"तुमच्या खिशात काही सापडतं वाटतं?" ती मान वर न करता विचारायची.

एखादी वस्तू जागेवर नसली, की ती सगळ्यांना ओळीने उभं करायची. तिच्या त्या नजरेला लोक टरकायचे. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

एका दुपारी खण उघडला. हात लोर्नाचा नव्हता, वेंडेलचा होता. वेंडेल म्हणजे सामान सांभाळणारा, सगळ्यांना घरचे कोलाचे, म्हणजे फळांचं सारण घातलेले गोड पाव, आणून खिलवणारा भला माणूस. त्याने माझ्या बॅटऱ्या काढून दुसऱ्या यंत्रात घातल्या. नव्या बॅटऱ्या आणायला वळला, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. घाईघाईने त्याने नवं सील लावलं आणि गेला तो गेलाच. मी आत आंधळा, बाहेर सगळं हिरवंगार.

त्याच संध्याकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आर्लो कुचेरा आला. गांधीलमाशी ओठावर चावली होती. जीभ सुजून तोंडात मावेना, श्वासाची शिटी वाजत होती. त्याच्या बायकोला दाराबाहेर थांबवलं होतं.

"झोपव लवकर," प्रूइट लोर्नाला म्हणाले. "सील हिरवं आहे."

"सील मला दिसतंय. दिवा दिसत नाही."

तिने सील कापून मला उघडलं. अंधार. भुलीचं औषध सुईत तयार होतं. ते आत गेलं असतं, तर आर्लोचा उरलासुरला श्वासही थांबला असता आणि माझ्या हाती उजेड नव्हता. मला भयंकर लाज वाटली.

"बॅटऱ्या," ती एवढंच म्हणाली. पांढराफटक पडलेला वेंडेल धावत जाऊन घेऊन आला. मी पेटलो, वाट दिसली, नळी गेली. आर्लोची छाती सावकाश वर आली.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आता वेंडेलची नोकरी जाणार, असंच सगळे समजून होते.

"सांगितलं का नाहीस?" लोर्नाने विचारलं.

तो बुटांकडे बघत म्हणाला, "तू सगळ्यांसमोर सोलून काढशील, म्हणून. गुपचूप घालणार होतो, पण विसरलो."

लोर्नाचा चेहरा उतरला. तिला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे मला भिऊन तू आर्लोला मारायला निघाला होतास," ती हळूच म्हणाली. "यात निम्मी चूक माझी." त्या दिवसापासून 'मी घेतलं' असं सांगणाऱ्यावर ती कधी ओरडली नाही. सील मात्र रोज कापत राहिली.

आता ती निवृत्त झाली. नवा प्रमुख हसतमुख आहे, सगळ्यांवर विश्वास टाकतो. त्याने कॅमेऱ्याचं नवं यंत्र आणलंय. ते बिघडलं तर मी. बरेच दिवस झाले, माझं पातं कुणी उघडलेलं नाही. आत बॅटऱ्या आहेत, पण त्या जिवंत आहेत का? मलाही ठाऊक नाही. उद्या माझ्यासमोर आडवं व्हायची पाळी तुमच्यावर आली, तर बोलता येतंय तोवर कुणाला तरी सांगा, याला आधी उघडून बघा.