न निवणारं लाकूड

वहिनी गेल्यावर दादाने घरात बोलणंच सोडलं, म्हणून त्याची धाकटी बहीण त्याच्याकडे राहायला आली. दादाचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि बहीण एका दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. "तू लोकांचे डोळे बघ, मी दात बघते, दोघांत मिळून एक चेहरा तरी होईल," असं ती म्हणायची. दादा हसायचा नाही. घरात काहीतरी हलतं असावं म्हणून शेवटी तिनेच हट्टाने माशांची टाकी आणवली.

माशांवर मात्र दादाचा जीव जडला. एका सुट्टीच्या दिवशी तो तलावावर गेला आणि पाणी हटलेल्या काठावरून एक लाकूड घेऊन आला. हातभर लांब, वाकडं, लाटांनी घासून गुळगुळीत झालेलं. मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी.

"माशांना लपायला जागा होईल," तो म्हणाला. आपणहून बोलला, याचंच बहिणीला अप्रूप.

माशांच्या दुकानदाराने सांगितलं होतं तसा तो कामाला लागला. साबण लावायचा नाही, लाकूड तो पिऊन घेतं आणि मग मासे मरतात. म्हणून नुसत्या ताठ ब्रशने माती काढली, कुजलेला भाग सुरीने खरवडला आणि लाकूड मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवलं. एक टोक दाबलं की दुसरं वर येई.

"लाकूड आहे की आपली मावशी?" बहीण म्हणाली. "एका जागी बसेल तर शपथ!"

दादा चक्क हसला.

पाणी काळ्या चहासारखं होई. ते ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा उकळायचं. दोघांच्या नाकी नऊ आले. पाणी जरा फिकं झाल्यावर लाकूड टबात गार पाण्यात टाकलं आणि तरंगू नये म्हणून वर पाटा ठेवला.

सकाळी पाणी बदलायला म्हणून बहिणीने टबात हात घातला. पाणी कोमट होतं.

"परत उकळलंस का रे?"

"नाही गं. उष्णता धरून ठेवत असेल."

"इतका वेळ? थर्माससुद्धा धरत नाही."

तिने पाणी ओतलं, नळाचं गार पाणी भरलं. कामावरून आली तेव्हा ते पुन्हा कोमट. गरम म्हणावं असं नाही, ताप नसलेल्या माणसाच्या कपाळाइतकं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं, पण दादा आनंदात होता. बोलून त्याच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं?

दादाने लाकूड दोऱ्याने दगडाला बांधून टाकीत सोडलं. सगळे मासे पोकळीत जाऊन एकमेकांना चिकटून बसले. खाणं टाकलं तरी बाहेर येईनात.

मग दादा टाकीपाशी बसायला लागला. बाही वर करून पोकळीत हात घालायचा आणि बसून राहायचा. आधी बहिणीला वाटलं, साफसफाई करतोय. पण दुकान बंद राहू लागलं, गिऱ्हाईकं घरी फोन करू लागली. दादाचा हात मनगटापर्यंत तपकिरी झाला, कितीही घासला तरी रंग निघेना. जेवतानाही उजवा हात टाकीतच, डाव्या हाताने जेवायचा.

एकदा तिला राहवलं नाही. ती त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली.

"दादा, तुला वहिनीची आठवण येते, हे मला कळतं. पण असं..."

"ती नाही," दादा शांतपणे म्हणाला. "तिचे हात कायम गार असायचे. मी विसरेन होय? हे दुसरंच कुणीतरी आहे."

तिने खुर्ची जरा मागे सरकवली.

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"माहीत नाही. हात धरतं माझा."

"ते सोडत नाही, की तुला सोडवत नाही?"

दादाने जरा विचार केला. "आता दोन्ही एकच झालंय."

दुसऱ्या दिवशी दादा आंघोळीला गेल्यावर तिने दोरा कापला, लाकूड टॉवेलात गुंडाळलं आणि सरळ बस पकडली. गाठोडं मांडीवर ठेवलं. टॉवेलातून ऊब येत होती. शेजारची बाई वाकून कौतुकाने म्हणाली, "झोपलंय वाटतं?"

लाकूड आहे, असं सांगायला तिने तोंड उघडलं. "हो, आत्ताच लागलाय डोळा," असं तिच्या तोंडून निघालं.

तलावाचा थांबा आला तरी तिला उठवेना. कंडक्टरने ओरडून उतरवलं.

काठावर एक धनगर शेळ्यांना पाणी पाजत होता, बाकी कुणी नव्हतं. तिने टॉवेल सोडला. लांब फेकता यावं म्हणून पोकळीत बोटं घालून लाकूड नीट धरलं. पुढचं तिला आठवत नाही. कानावर आली ती त्या धनगराची हाक.

"ओ बाई! अहो बाई, मागे फिरा! पुढे खोल आहे!"

तिने खाली पाहिलं. पाणी छातीला लागलं होतं. बोटं पोकळीत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरं वाटत होतं. धनगर ओरडत पाण्यात उतरला. त्याच्या ओरडण्यानेच तिच्या अंगात बळ आलं असावं. तिने दुसऱ्या हाताने लाकूड दाबून धरलं आणि हिसका देऊन बोटं सोडवली. कातडी सोलवटली. इतके दिवस तरंगणारं ते लाकूड लोखंडासारखं सरळ खाली गेलं. एकही बुडबुडा आला नाही.

धनगराने तिला काठावर आणलं, आपलं घोंगडं दिलं. "घरी काही भांडण झालंय का?" त्याने विचारलं. ती नकारार्थी मान हलवून नुसती रडत राहिली.

ती घरी पोचली तेव्हा दादा दारातच उभा होता. ओले कपडे, सोललेली बोटं, सगळं त्याने पाहिलं. ती बोलणी ऐकायच्या तयारीत होती.

"बुडालं?" त्याने विचारलं.

"हो."

"लगेच?"

"लगेच."

दादाने मोठा श्वास सोडला. "बस. चहा टाकतो," म्हणाला, आणि आत जाऊन कप विसळू लागला.

आठवड्याभरात दुकान उघडलं. मासेही बाहेर येऊन खायला लागले. आपण किती खोल गेलो होतो, हे तिने दादाला कधीच सांगितलं नाही. दादानेही विचारलं नाही. फक्त पुढे कधी सुट्टीला बाहेर जायचं ठरलं, की तो आधी रस्ता विचारून घ्यायचा, आणि तलावाच्या बाजूचा असला तर दोघं घरीच पत्ते खेळत बसायची.